अंधुक, पुसट, झाकोळलेले

उजेड कमी होणे आणि दिसणे अस्पष्ट होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. इंग्रजी भाषा हा भेद चार साध्या शब्दांत करते. 'डिम' म्हणजे मुळात प्रकाशच अपुरा. 'ब्लर' म्हणजे उजेड भरपूर, पण वस्तूची कड फिसकटलेली. 'फेड' म्हणजे काळाने किंवा उन्हाने रंग उडालेला. जुन्या फ्रेंचमधील 'फिका, बेचव' या अर्थाच्या शब्दापासून तो आला. 'ऑब्स्क्युअर' हा लॅटिनमधून आलेला. वस्तू जागच्या जागी आहे, मात्र मध्ये काहीतरी आड आले आहे. म्हणजे दोष कोणाचा, प्रकाशाचा, कडेचा, काळाचा की आडोशाचा, हे शब्दच सांगून टाकतो.

आमच्या वकिली व्यवसायात या चौघांसाठीही 'अस्पष्ट' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. वास्तविक मराठी इतकी दरिद्री नाही. 'अंधुक' अंधाराशी नाते सांगतो, 'पुसट' पुसण्याशी, 'विटका' उडालेल्या रंगाशी, 'झाकोळलेला' ढगाशी. 'धूसर' तर मुळात धुळीच्या रंगाचा. उन्हाळ्यात मुडबीच्या वाटेने बैलगाडी गेल्यावर मागे जे उरते, त्याला दुसरा शब्द शोभणार नाही.

संध्याकाळचेही तसेच. 'ट्वायलाइट'मधील 'ट्वाय' म्हणजे दोन. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचा उजेड. आपल्या 'संध्या' शब्दातही सांधाच आहे. खगोलशास्त्र या उजेडाच्या तीन पायऱ्या मानते : सूर्य क्षितिजाखाली ६, १२ आणि १८ अंश जाईपर्यंत. इंग्लंडात उन्हाळ्यातला हा उजेड लांबतच राहतो. आपल्या अक्षांशावर त्याची पहिली पायरी अर्धा तासही टिकत नाही. तरी तेवढ्या वेळासाठी आपण गोरज, तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण असे शब्द घडवले. आमच्या शेजारची कन्नड याच वेळेला 'मुस्संजे' म्हणते, आणि तिच्यातही तीनच सांजा आहेत. तिन्हीसांजेला दोन्ही भाषा एकाच उंबऱ्यावर दिवा लावतात.

हे कोशातले कौतुक नव्हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४४४ सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या छुप्या गृहअतिक्रमणाला रात्रीचा गुन्हा ठरवत असे. तेथे तिन्हीसांजेला जागाच नव्हती. परंतु माणूस ओळखू आला की नाही, हा प्रश्न घड्याळावर सुटत नाही, उजेडावर सुटतो. आमच्या भागातील मराठी साक्षीदार सांगतो, 'दिवेलागण झाली होती, झावळझावळ दिसत होते.' त्याचे भाषांतर 'अंधार होता' असे झाले, की उलटतपासणीत त्याची ओळख कोसळते. 'संध्याकाळ होती' असे झाले, की लख्ख उजेड गृहीत धरला जातो. आरोपी सुटणे किंवा निरपराध अडकणे, दोन्ही त्या एका शब्दावर लटकलेले असते.

यावर कायद्यात उपाय आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २७८ नुसार, साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून वेगळ्या भाषेत नोंदवली गेली आणि साक्षीदाराला ती भाषा समजत नसेल, तर ती नोंद त्याला त्याच्या भाषेत किंवा समजेल अशा भाषेत समजावून सांगितली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. ती मागून घ्यावी. सही करण्यापूर्वी 'मी झावळझावळ म्हणालो होतो' एवढे बोलण्याचे धैर्य ठेवावे.

सीमाभागातील मराठी 'फेड' होत चालली, असे अलीकडे सुशिक्षितही म्हणतात. आम्ही या शब्दाला हरकत घेतो. फेड होणाऱ्या गोष्टीत कोणाचा हात नसतो. ऊन लागते, रंग उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर तालुके मुंबई राज्यात गेले व आम्ही इकडे राहिलो. त्या दिवशी आमच्या घरातील मराठीचा रंग उडाला नाही. पाट्या, अर्ज आणि नोंदी यांची भाषा तेवढी तिच्या आड आली. याला शब्द हवा तो 'ऑब्स्क्युअर', आपला 'झाकोळलेली'.

शब्दाच्या निवडीवर पुढचे वागणे ठरते. विटलेल्या लुगड्यासाठी हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. झाकोळ मात्र निवळतो. संविधानाच्या ३५०-अ अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी पुरवण्याचे सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन शाळेत मराठीची मागणी लेखी करावी. आणि संध्याकाळी मुलांना हाक मारताना 'दिवेलागण झाली, घरी या' असेच म्हणावे. साक्षीच्या पिंजऱ्यात जो शब्द लागणार, तो आधी अंगणात ऐकलेला असावा लागतो.