मार्गशीर्षातली सावली

सूर्याशी भारतीय गृहस्थाचे नाते अर्घ्याचे, रथसप्तमीच्या पूजेचे आणि वाळवणाचे. गच्चीवर कुरडया घालाव्यात, संध्याकाळी त्या कोरड्या झाल्या की ऊन चांगले पडले असे म्हणावे, यापलीकडे उन्हाचे मोजमाप घरात कोणी केले नाही. ते वेधशाळांचे काम होते. काचेच्या भरीव गोलातून एकवटलेला किरण कागदाच्या पट्टीवर जळकी रेघ ओढतो आणि त्या रेघेच्या लांबीवरून दिवसभरात ऊन किती तास पडले ते वाचतात, अशी कॅम्पबेल-स्टोक्स नावाची युक्ती एकोणिसाव्या शतकात निघाली आणि भारतीय वेधशाळांनी ती दीर्घकाळ वापरली. सूर्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती रोजनिशीच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची केंद्राची योजना जाहीर झाली, आणि अशी रोजनिशी ठेवण्याची वेळ सामान्य गृहस्थावरही आली. पैसे खर्च केले आहेत, तेव्हा ठरल्याप्रमाणे मिळते आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

बडोद्यातील एका निवृत्त गणितशिक्षकाने ते ज्या निष्ठेने पाहिले, ती निष्ठा नोंद घेण्याजोगी आहे. आजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त बडोद्यास आले आणि घराणे तेथेच रुजले. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. गच्चीला हे कुटुंब शेजाराच्या वळणाने अगाशीच म्हणते. या अगाशीवर २०२४ च्या वैशाखात पॅनेल बसवणाऱ्या कंपनीचा तरुण टेप घेऊन चढला, चारी दिशांना पाहून ‘इथे सावलीचा प्रश्नच नाही’ असे म्हणाला, आणि जूनच्या मध्यावर प्रत्येकी ५४० वॉटची सहा पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून बसली. एकूण शक्ती ३.२४ किलोवॉट. अनुदानाचे ७८ हजार रुपये यथावकाश जमा झाले. उरलेली रक्कम मास्तरांच्या पत्नीच्या मुदतठेवीतून आली होती. त्याही शिक्षिकाच होत्या. ठेव मोडताना त्यांनी एवढेच विचारले होते, की वर्षाला किती वीज होईल. कंपनीच्या कागदावर आकडा होता ४६०० युनिट. तो आकडा मास्तरांनी एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्या दिवसापासून तो त्यांचा शब्द झाला, कंपनीचा राहिला नाही.

अडचण अशी, की जूनमध्ये सुरू झालेल्या यंत्रणेला पहिल्या तीन महिन्यांत कोणताही न्याय देता येत नाही. आषाढातल्या एखाद्या दिवशी तीन युनिट, मधेच उघडीप मिळाली की अकरा, पुन्हा पाच. मास्तर रोज सूर्यास्तानंतर जिन्याखालच्या इन्व्हर्टरसमोर उभे राहून आकडा उतरवीत. शेजारच्या घरी अशीच यंत्रणा बसली होती. तेथील गृहस्थ मीटरवरचा आकडा सांगत आणि तो मास्तरांच्या आकड्याशी कधीच जुळत नसे. ‘तुमचे बारा होतात तेव्हा आमचे सातच कसे?’ हा त्यांचा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. उत्तर साधे आहे. दुहेरी मीटरला फक्त उंबरठ्यावरचा व्यवहार दिसतो: बाहेरून किती वीज आली आणि बाहेर किती गेली. दिवसा तयार झालेल्या बारा युनिटांपैकी पाच घरातच पंख्याला, पंपाला आणि फ्रिजला लागली, तर मीटरला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी सातच. एकूण किती पिकले ते इन्व्हर्टर सांगतो, किती विकले ते मीटर. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. घरी खाल्लेले धान्य बाजार समितीच्या पावतीवर येत नाही, हे त्याला ठाऊक असते.

दुसरा धडा ऑगस्टअखेरीस मिळाला. २०२४ च्या त्या आठवड्यात विश्वामित्रीला मोठा पूर आला, बडोद्याच्या निम्म्या सखल भागात पाणी शिरले आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा तोडावा लागला. मास्तरांचे घर उंचवट्यावर होते, पाणी गल्लीच्या तोंडाशी थांबले; वीज मात्र तीन दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले तरी इन्व्हर्टर मुका. छपरावर वीज तयार करणारे यंत्र असताना घरात अंधार का, असे मोबाइल चार्ज करायला आलेली मुले विचारू लागली. बाहेरच्या तारेत वीज नसेल तर अशी यंत्रणा स्वतःहून बंद पडते. तशी ती पडली नाही तर खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ होईल. मास्तरांनी वहीत तीन शून्ये मांडली आणि पुढे लिहिले, ‘सूर्याचा दोष नाही’. हिशेबाच्या वहीत असे शेरे सहसा नसतात. पण हा माणूस आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासत आला होता, आणि चुकलेल्या उत्तरापुढे ते कोठे चुकले हे लिहिल्यावाचून त्याला पुढचे पान उलटता येत नसे.

ऑक्टोबरात आकडे तेरावर स्थिरावले. मोठ्या उन्हाळ्यात याहून पुष्कळ अधिक मिळेल अशी घरातल्या सर्वांची समजूत होती. ती मास्तरांनी कंपनीचा तांत्रिक तक्ता वाचून वेळीच दूर केली. पॅनेलवर छापलेले ५४० वॉट हे प्रयोगशाळेतले असतात: प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटचा प्रकाश, आणि पॅनेलचे स्वतःचे तापमान २५ अंश. बडोद्याच्या मे महिन्यात हवाच ४२ अंशांवर जाते. काळे पॅनेल साठीच्या पुढे तापते, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे शेकडा सुमारे एक-तृतीयांश शक्ती घटते. म्हणजे प्रकाश भरपूर असतानाच बारा-तेरा टक्के उष्णतेने गळून जातात. पॅनेलला ऊन हवे असते, ऊष्मा नको असतो. साहित्याच्या क्षेत्रातही असे छापील मानदंड असतात, समशीतोष्ण हवेत ठरवलेले. ते चाळीस अंशांच्या प्रदेशातल्या कृतींना लावून त्या उण्या ठरवण्याचा उद्योग आपल्याकडे फार काळ चालला. असो.

खरा प्रश्न डिसेंबरात उभा राहिला. आकाश निरभ्र, हवा थंड, पॅनेले स्वच्छ. सगळी अनुकूलता असताना आकडा अकरावर उतरला. दिवस लहान झाला हे खरे; पण दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलांना हिवाळ्यातला खालचा सूर्य अधिक समोरून मिळतो, त्यामुळे तेरा यावेत असा मास्तरांचा हिशेब होता. दोन युनिटांची तूट रोज पडत होती. फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला, ‘काका, हिवाळ्यात होतेच.’ या वाक्याने मास्तरांचे समाधान होणे शक्य नव्हते. वर्गात ‘होतेच’ हे उत्तर त्यांनी कधी स्वीकारले नव्हते.

एका निरभ्र दिवशी सकाळी आठपासून दर अर्ध्या तासाने त्यांनी इन्व्हर्टरवरची त्या क्षणाची शक्ती लिहून काढली. दिवसभराची बेरीज काय बिघडले ते सांगत नाही. दिवसाचा आलेख सांगतो. तो सकाळी हळूहळू चढला. सर्वांत उंच टोक बाराला न येता साडेबाराला आले, आणि यात काही वावगे नव्हते: भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे, बडोदे त्याच्या नऊ अंशांहून अधिक पश्चिमेला, त्यामुळे तेथे सूर्याची माध्यान्ह अर्धा-पाऊण तास उशिरा होते. चढणीसारखीच उतरण व्हायला हवी होती. तीनपर्यंत ती तशी झालीही. त्यानंतर मात्र रेघ पायरी चुकल्यासारखी खाली आली: तीन वाजता १४५० वॉट, साडेतीनला ७००.

मास्तर अगाशीवर गेले. पश्चिमेकडच्या दोन पॅनेलांवर शेजारच्या कडुलिंबाची सावली पसरली होती.

ज्या तरुणाने ‘सावलीचा प्रश्नच नाही’ म्हटले होते, तो खोटे बोलला नव्हता. वैशाखात त्याला जे दिसले ते त्याने सांगितले. बडोद्यात जूनच्या आरंभी सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाखाली जाते; वैशाखातही स्थिती याच्या जवळचीच असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य माध्यान्ही अवघा ४४ अंश चढतो, आणि दुपारी साडेतीनला नैर्ऋत्येकडे २७ अंशांवर उतरलेला असतो. त्या वेळी अगाशीच्या वर झाडाचा जेवढा भाग डोकावतो त्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची सावली ईशान्येकडे पडते. कडुलिंब बरोबर नैर्ऋत्येला होता. शिवाय सावली जेवढी दिसते तेवढेच नुकसान करते असेही नाही. पॅनेले एका माळेत जोडलेली असतात; माळेतल्या एका भागाचा प्रवाह अडला की इतरांचीही चाल मंदावते. पॅनेलमध्ये अशा वेळी आडवाट करून देणारे घटक बसवलेले असतात खरे, तरीही तूट सावलीच्या क्षेत्रफळाहून मोठी पडते.

कारण सापडले, आणि त्यासरशी प्रश्न गणिताच्या बाहेर गेला. कंपनीच्या माणसाने तत्काळ उपाय सांगितला: झाड उतरवा. झाड शेजारच्या बांचे होते. मुलगा कॅनडात, यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झालेली. घरात त्या एकट्याच. उन्हाळ्यात वर्षाचे गहू येत तेव्हा त्याच झाडाखाली खाट टाकून त्या ते निवडीत, दिवेल चोळून पिंपात भरीत, आणि मास्तरांच्या पत्नी मदतीला जाऊन बसत. मास्तर त्यांच्याकडे काही मागायला गेले नव्हते. सावलीचे कारण विचारले म्हणून त्यांनी सांगितले. बांनी क्षणभरही न थांबता म्हटले, ‘भाई, तुमचे नुकसान होत असेल तर उद्याच माणूस बोलावते. पाने झाडून माझेही हात दुखतात.’

नकार मिळाला असता तर सोपे झाले असते. अशा होकाराला काय उत्तर द्यायचे, हे वहीत कोठे लिहिलेले नव्हते. त्या रात्री मास्तरांनी हिशेब मांडला. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपलीकडे सुमारे शंभर दिवस, दिवसाला दोन युनिट, एकूण दोनशे. बिलातल्या दराने वर्षाला सुमारे १४०० रुपये. पंचवीस वर्षांचे पॅनेल धरले तर रक्कम अगदीच लहान नव्हती, आणि ठेव पत्नीची होती. म्हणून आकडा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, ‘वैशाखात आपल्या मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावून पाहिलाय का कधी? ती गार का असते?’ पश्चिमेची ती भिंत दुपारभर कडुलिंबाआड असते. झाड गेले तर कूलर किती तास अधिक चालेल, याचा आकडा काढण्याचा मास्तरांनी प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. अंदाजावर अंदाज रचणे त्यांना पसंत नव्हते. सकाळी जाऊन त्यांनी बांना सांगितले, झाड राहू द्या. अगाशीकडे झुकलेली एक फांदी तेवढी दिवाळीनंतर छाटायची ठरले, तीही त्या फांदीचे ओझे बांच्या कौलांवर येत होते म्हणून.

उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, गुजरातेत कोणतीही अगाशी रिकामी राहत नाही. पॅनेलांना दोरी घासेल, मुले त्यांवर पाय देतील, अशी धास्ती मास्तरांना होती. प्रत्यक्षात दिवसभर एक तुटलेला पतंग तिसऱ्या पॅनेलवर पडून राहिला आणि तो काढायला कोणालाच सुचले नाही. वहीत त्या दिवसापुढे ‘पतंग’ एवढा एकच शब्द आहे. वस्तुतः सूर्य तोवर तीन आठवडे उत्तरेकडे सरकत आला होता. फेब्रुवारीत धूळ साचून आकडा पुन्हा घसरला, पहाटे साध्या पाण्याने पॅनेले धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी एक युनिट वर आले, आणि मार्चपासून सावली पॅनेलांवरून पूर्णपणे हटली.

जून २०२५ च्या मध्यावर वर्ष भरले. बेरीज ४१५० युनिट झाली. कंपनीच्या आकड्याहून साडेचारशे कमी. दोनशे कडुलिंबाचे, पुराचे आणि वीज गेलेल्या इतर दिवसांचे पन्नासेक, उरलेले धुळीचे, आणि काही अंशी मुळातच फुगवलेल्या अंदाजाचे, असा खुलासा मास्तरांनी लिहिला. त्यांनी पहिल्या पानावरचे ४६०० खोडले नाहीत. त्याखाली, त्याच शाईने, ४१५० लिहून ‘या घरासाठी’ असे शब्द जोडले. महिन्यांचा तक्ता केला, त्यात डिसेंबरापुढे अकरा हाच अपेक्षित आकडा मांडला. पत्नीने तो तक्ता चष्मा लावून वाचला आणि ठेवीचे पैसे किती वर्षांत फिटतील ते स्वतः पुन्हा मोजून पाहिले. तिचे उत्तर मास्तरांच्या उत्तराहून चार महिन्यांनी अधिक आले. तिने धुण्याच्या पाण्याचा खर्चही धरला होता.

समोरच्या बंगल्यातले गृहस्थ त्याच सुमारास पॅनेल बसवण्याच्या विचारात होते. मास्तरांनी त्यांना वही दाखवली आणि कंपनीच्या माणसाला आता अगाशीवर चढवू नका, मार्गशीर्षात दुपारी साडेतीनला बोलवा, असे सांगितले. ते गृहस्थ हसले. अनुदान तोवर राहील का, अशी त्यांना शंका होती.