लिंबागणेशचा उपास

गेल्या आश्विनातल्या संकष्टीला मी लिंबागणेशला गेलो होतो. बीडहून मांजरसुंब्याला येऊन पाटोद्याच्या रस्त्याला लागले, की बालाघाटच्या माळावर हे गाव लागते. येथील गणपती भालचंद्र. प्रत्यक्ष चंद्राने येथे तप केले अशी कथा आहे; तेव्हा संकष्टीच्या चंद्रोदयाला या गावी असावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

खिशात एक कागद होता. माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या बंदरात त्याची बोट काही दिवस अडकून पडली, तेव्हा तेथल्या खाण्याच्या जिनसांची स्पॅनिश नावे त्याने मला कळवली. मला शब्दांचा नाद. ती नावे उतरून घेऊन मी एस.टी.त वाचत आलो होतो.

दर्शन आटोपून ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे फराळाला गेलो. त्याच्या आईने, मावशींनी, पुढे ताट ठेवले. दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेली रताळी, मिरचीचा ठेचा, पपईच्या फोडी आणि बांधावरच्या झाडाचे टपोरे सीताफळ. धान्याचा कण नाही, असा कडकडीत उपास! ताट पाहिले आणि खिशातला कागद आठवला.

कागदावर पहिलेच नाव होते 'बाताता'. वाटेल की हा आपला बटाटा. पण तिकडे बाताता म्हणजे रताळे! 1492 साली कोलंबस त्या बेटावर उतरला, तेव्हा तेथील ताइनो लोक रताळ्याला बाताता म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि आपण तो दुसऱ्याच कंदाला देऊन टाकला. खरा बटाटा तिकडे 'पापा' म्हणून ओळखला जातो.

पुढची नावे वाचत गेलो. शेंगदाणा तिकडे 'मानी', मिरची 'आही'. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो 'यूका'. तो किसून, पिळून, त्यातला विषारी रस काढून ताइनो लोक तव्यावर भाकरी भाजत. तिचे नाव 'कासाबे'. ती आजही तेथे होते; 2024 साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पपईला ते 'लेचोसा' म्हणतात, म्हणजे दुधाळ. कच्च्या पपईचा चीक ज्याने पाहिला आहे त्याला हे नाव पटेल. आणि सीताफळ? 'आनोन'. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला दिलेले 'अनोना' हे नाव याच शब्दावरून आले.

हे सारे मी मावशींना उत्साहाने सांगितले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी सीताफळ आमचं न्हाई म्हंता?"

माझी चूक माझ्या ध्यानात आली. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या खडकाळ माळावर, फारसे पाणी न मागता, दसरा-दिवाळीला चार पैसे हाती देणारे हे झाड. मी ते घटकाभरात परदेशी करून टाकले होते! पण मावशींनीच मला सोडवले.

"आवं दादा, सून बी परगावचीच असती की. नांदली म्हंजी घरची झाली. सीतामाईचं नाव दिलंय तिला."

मग त्यांनाच गोडी लागली. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत तिकडे लाल घेवडा, नारळाचे दूध आणि रताळे घालून गोड खीर करतात, हे ऐकून त्या पोट धरून हसल्या. "घेवड्याची खीर! आनि त्यो उपास?"

कागदावरचे शेवटचे नाव होते 'आसूकार', साखर. मी म्हणालो, "हा मात्र आपल्याकडचा शब्द बरं का. आपली शर्करा अरबांकडे गेली, तेथून स्पेनला. ऊसही तिकडचा नव्हे. 1493 साली कोलंबस दुसऱ्यांदा गेला, तेव्हा त्याने तो बरोबर नेला. आता तिकडे उसाचे मोठमोठे मळे आहेत."

मावशींनी विचारले, "मग तोडतंय कोन?"

ओसरीवर पत्र्याची पेटी, भांड्यांचे गाठोडे आणि दोन कोयते ठेवलेले होते. मुकादमाची उचल घेऊन झाली होती. दिवाळी आठ-दहा दिवसांवर होती. ती झाली की मुलगा आणि सून ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडच्या कारखान्यावर जाणार होती. पाडव्यापर्यंत दोन्ही नातवंडे मावशींपाशी.

"शेजारच्या हैती देशातून मजूर येतात," मी सांगितले. "मळ्यातच त्यांच्या वस्त्या असतात. बातेय म्हणतात त्यांना. ताइनो लोकांच्या भाषेत बातेय म्हणजे चेंडू खेळायचे पटांगण."

"आनि त्यांची लेकरं?"

याचे उत्तर भाच्याच्या कागदावर नव्हते.

रात्री चंद्र उगवला. सर्वांनी हात जोडले आणि बाजरीची भाकरी, वरण, मोदक असा उपास सुटला. सुनेने मात्र चूल विझू दिली नाही. वाटेसाठी दाण्याची चटणी करायची होती. सकाळी निघताना मावशींनी पिशवीभर सीताफळे दिली.

घरी आल्यावर मुलांना मी त्यांची सारी कुळकथा सांगितली. मुले खूश झाली. मग फराळाचे ताट पुढे आले आणि धाकटीने विचारले, "बाबा, करंजीतली साखर कुठून आली?"

मी तिला लिंबागणेशपासून सांगायला सुरुवात केली.