गाडीवरची चव, घरचे तेल

मिसळीतला सर्वांत पौष्टिक भाग वाटीच्या तळाशी असतो: मोड आलेल्या मटकीची उसळ. मटकी 8 ते 10 तास भिजवून, निथळून ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात साधारण 12 तासांत मोड दिसू लागतात. थंडीत बराच जास्त वेळ लागतो. मोड येताना मटकीतले फायटिक आम्ल कमी होते आणि तिच्यातले लोह शरीराला अधिक सहज मिळते. वरून पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्वही तेच काम करते. त्यामुळे मिसळ आरोग्याला बरी करायची म्हणजे उसळीला हात लावायचा नाही. बदल करायचा तो कटात आणि फरसाणात.

कट बिनतेलाचा करता येत नाही. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. म्हणून तेल वगळलेला कट कितीही मसाला घातला तरी फिकट आणि कच्चट लागतो. आमच्या घरी चौघांच्या मिसळीला दोन मोठे चमचे तेल पुरते. ते तापवून गॅस बंद करायचा, किंचित निवल्यावर त्यात बेडगी मिरचीची पूड घालायची. पूड करपत नाही आणि रंग भरपूर सुटतो. ही तर्री कटात न ढवळता वाढताना वरून सोडली की चमचाभर तेलही वाटीभर पसरते आणि पहिल्या घासाला कोल्हापूरची आठवण येते. दाटपणासाठी कांदा थेट जाळावर भाजावा, तीळ कोरडेच परतावेत. सुके खोबरे चवीपुरतेच घ्यावे, कारण त्यातली चरबी बहुतांश संपृक्त असते. उरलेली कसर मूठभर शिजलेली मटकी वाटून भरून निघते. फरसाणाच्या जागी भाजके पोहे आणि फुटाणे घातले तर कुरकुरीतपणा टिकतो, मीठही बरेच घटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. फरसाण, पाव आणि खारट कट एका बैठकीत खाल्ले की त्यातला मोठा वाटा संपून जातो.

बटाटावडा याहून अवघड. ओव्हनमध्ये त्याचे बेसनाचे आवरण कोरडे पडते, आणि हवेवर तळण्याच्या यंत्रात पातळ पीठ ओघळून खाली जाते. त्याला खरी साथ आप्पेपात्राची. पीठ नेहमीपेक्षा दाट भिजवायचे, त्यात चमचाभर कडकडीत मोहन घालायचे, सोडा टाळायचा, आणि प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-चार थेंब सोडून वडा झाकणाखाली दोन्ही बाजूंनी खरपूस करायचा. आवरण तळलेल्या वड्याइतके फुगत नाही, हे मान्य करावे लागते. पण वडापावची ओळख सुक्या लसणीच्या चटणीत अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. ती भरपूर घातली की उणीव जाणवत नाही. पाव निम्म्या कणकेचा मऊ राहतो. सगळी कणीक घेतली तर तो जड होतो.

तळलेलाच वडा हवा असेल तर तेलाकडे लक्ष द्यावे. साधारण 180 अंश सेल्सिअसला तापलेल्या तेलात आवरण लगेच धरते. तेल कोमट असेल तर वडा ते पीत राहतो. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम 2018 पासून लागू आहे. गाडीवर मोजमाप करता येत नाही, पण काळपट, चिकट, फेसाळणारे आणि लवकर धुरावणारे तेल नजरेला कळते. अशा कढईतला वडा सोडून पुढच्या गाडीवर जावे.

पावभाजीत लोणी घटवणे सोपे आहे: भाजी तव्यावर भरपूर परतून तिचे पाणी आटवले की लोण्याचा एक तुकडा पुरतो, तो शेवटी घालावा. भेळ तर मुळातच चुरमुऱ्यांची, म्हणजे हलकी. तिच्यात शेव चिमूटभर ठेवून कैरी, कांदा, काकडी आणि वाफवलेली मटकी वाढवावी. चिंच-खजुराच्या चटणीत गूळ न घातल्याने ती बिनसाखरेची होत नाही, खजुरातही साखर असतेच. म्हणून चटणीचे माप आवरावे.

कांदाभजीला मात्र पर्याय सापडत नाही. वाफवली की तिची वडी होते, भाजली की धिरडे. दोन्ही चांगले पदार्थ आहेत, पण भजी नव्हेत. ती पावसाळ्यात, ताज्या तेलातली, चार-पाचच खावीत.