वृद्धाश्रम पाहताना काय विचारावं?



"घरची माणसं असताना वृद्धाश्रम?" हा प्रश्न आपल्या समाजात अजून कुजबुजतच विचारला जातो. आमच्या आक्का, म्हणजे यजमानांची थोरली बहीण, वय ८१, मूलबाळ नाही. सांगलीच्या घरात एकट्या राहायच्या. वर्षात दोनदा पडल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझेही गुडघे कुरकुरतात. शेवटी निर्णय आक्कांनीच घेतला. अट एकच, "माझे नियम मोडायला लावू नका."

तीन ठिकाणं पाहिली, तेव्हा कळलं की 'शाकाहारी आहे का' एवढं विचारून आपलं भागत नाही. कंदमुळं वगळून भाजी वेगळी काढतील का? पाणी गाळून, उकळून देतील का? एका ठिकाणी जेवण रात्री आठला. दुसरीकडे म्हणाले, "सहाला वाढू." आक्कांनी लगेच विचारलं, "आणि डिसेंबरात?" थंडीत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातनंतर. म्हणून घड्याळाची वेळ न लिहिता 'सूर्यास्तापूर्वी अर्धा तास' असं करारात लिहून घेतलं. तिसऱ्या ठिकाणी ते मान्य झालं.

आक्कांचा चौविहार असतो, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. मग रात्रीची गोळी? ती डॉक्टरांना विचारूनच संध्याकाळवर आणली. मनाने वेळ बदलू नये. अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासाला कोणती गोळी द्यायची, कोणती नाही, हेही त्यांच्याकडून लिहून घेऊन तिथल्या सिस्टरांना दिलं.

आता हिशेब. कॉमर्सची सवय जात नाही! डिपॉझिट परत मिळतं का, किती दिवसांची नोटीस, डायपर आणि मदतनीस बाईचे पैसे वेगळे का, दवाखान्यात ठेवलं तर त्या दिवसांची फी लागते का, हे सगळं विचारा. फी दरवर्षी वाढते. आज १८,००० असेल आणि दरवर्षी १० टक्के वाढली, तर पाचव्या वर्षी २६,००० च्या वर जाते. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मात्र ठेव ठेवतानाचा व्याजदर पाच वर्षं तोच राहतो. शिवाय ते व्याज तीन महिन्यांनी मिळतं, फी दर महिन्याला. त्यामुळे निदान तीन महिन्यांची फी बचत खात्यात वेगळी असावी.

आक्कांचं घर विकलं नाही. पहिला महिना राहून पाहायचं ठरलं आणि किल्ली त्यांच्याच पिशवीत राहिली. परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे, हे माहीत असलं की माणूस तिथे निवांत झोपतो. आता तिसरा महिना चालू आहे.

तुमच्यावर ही वेळ आली, तर जिला राहायचंय तिला बरोबर घेऊनच जागा पाहा. डिसेंबरचा प्रश्न आक्कांनीच विचारला होता.