चिठ्ठीवर न लिहिलेलं अनुपान

नागपुरात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे मेडिकल चौकातलं, १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय; दुसरा अर्थ गल्लीतलं औषधाचं दुकान. पहिल्या मेडिकलमध्ये औषध लिहून मिळतं, दुसऱ्यात ते विकत मिळतं. पण ज्या मुलाला गिळता येत नाही, ज्याचं दूध, पाणी, वरणाचं पाणी सगळं नाकातल्या किंवा पोटावरच्या नळीतून जातं, त्याच्या पोटात ते औषध पोचवायचं कसं, हे या दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठरतं. ठरवणारी असते आई, आणि हाताशी असतो खलबत्ता, एक वाटी, एक सिरिंज. मी अशाच एका ओट्यापाशी उभी राहणारी आई आहे. रोजच्या या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि तेच इथे कारणांसह मांडते: नळी असलेल्या मुलाच्या बाबतीत औषध देण्याची रीत हा उपचाराचाच भाग आहे, म्हणून ती मात्रेइतक्याच स्पष्टपणे चिठ्ठीवर लिहिली गेली पाहिजे, आणि ती शोधून काढण्याचा भार घरच्यांवर टाकणं योग्य नाही.

ही मागणी नवी वाटेल, पण आपल्याकडे तिच्यासाठी जुना शब्द आहे: अनुपान. वैद्य नुसतं औषध सांगत नसत. ते मधातून घ्यायचं, तुपातून की कोमट पाण्यातून, जेवणाआधी की नंतर, हेही सांगत. बाळगुटी उगाळणाऱ्या घरांतही प्रत्येक मुळीचे सहाणेवर किती वेढे द्यायचे, हे बाळाच्या वयावर ठरत असे. गुटीच्या गुणदोषांचा प्रश्न इथे नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, हा आजच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबरच आहे. मला त्यातला विचार महत्त्वाचा वाटतो. औषध, त्याचं प्रमाण आणि ते ज्यातून द्यायचं ते माध्यम, या तिन्ही गोष्टी मिळून एक मात्रा होते. आधुनिक गोळीने हे माध्यम कारखान्यातच ठरवून टाकलं. गोळीवरचा लेप, तिची कठीणता, ती कुठे आणि किती वेळात विरघळावी, हे सगळं तोंडाने गिळणाऱ्या माणसासाठी आखलेलं असतं. नळी लागली की ती आखणी मोडते आणि अनुपानाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. चिठ्ठीवर मात्र त्याला जागा नसते.

नळीचं साधं गणित आधी पाहू. तिची जाडी 'फ्रेंच' नावाच्या मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे मुलांना लावल्या जाणाऱ्या ८ नंबरच्या नळीचा बाहेरचा व्यास २.७ मिलिमीटरपेक्षाही थोडा कमीच, आणि आतली वाट त्याहून अरुंद. ही वाट दीड मिलिमीटरची आणि नळी ५० सेंटिमीटर लांब धरली, तर तिच्यात सुमारे ०.९ मिलिलिटर द्रव मावतो. आता मुलाची मात्रा १ मिलिलिटर आहे असं समजा. ती सिरिंजने सोडली आणि मागून पाणी दिलं नाही, तर जवळजवळ सगळं औषध नळीतच उभं राहील. ते पोटात जाईल पुढच्या दुधाबरोबर, म्हणजे कदाचित दोन-तीन तासांनी. आधी थोडं पाणी, मग औषध, मग पुन्हा पाणी. दोन औषधं असतील तर प्रत्येकाची वेगळी सिरिंज आणि मध्ये पाणी: हा नियम केवळ स्वच्छतेचा नाही, तो मात्रेचा आहे. पण किती पाणी? मोठ्या माणसाला दर वेळी १५ मिलिलिटर चालून जातं. ज्या बाळाचं हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त आहे आणि दिवसभराचं पाणी मोजून दिलं जातं, त्याला सहा औषधांमागचं हे पाणीही हिशेबात धरावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, हाच हिशेब उलट दिशेने करावा लागतो. हा आकडा प्रत्येक मुलागणिक वेगळा असणार, म्हणूनच तो अंदाजावर सोडण्यासारखा नाही.

दुसरा पुरावा औषधांचा. अशा मुलांपैकी अनेकांना फिट येतात, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच घेते. व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्यांवर आतड्यात विरघळावं म्हणून लेप असतो, काही गोळ्या औषध दिवसभर हळूहळू सोडतात. त्या कुटल्या की ती सगळी रचना नष्ट होते आणि औषध एकदम अंगावर येतं. त्याच औषधाचं पातळ रूप मिळतं, पण ते लवकर शोषलं जात असल्याने दिवसातून जास्त वेळा विभागून द्यावं लागतं. दोन वेळच्या गोळीच्या जागी दोन वेळचं सिरप, असा सरळ बदल करता येत नाही. कार्बामाझेपिनचं पातळ औषध तसंच सोडलं तर त्याचा काही भाग नळीच्या प्लास्टिकला चिकटून राहतो. ते तेवढ्याच पाण्यात मिसळून द्यावं लागतं. फेनिटॉइन दुधाच्या बरोबर गेलं तर रक्तात कमी उतरतं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर दूध थांबवण्याची शिफारस केली जाते. शिवाय ते बाटलीत खाली बसतं. हलवून न घेतल्यास सुरुवातीच्या मात्रा पातळ आणि तळाच्या दाट होतात. आम्लपित्तासाठीच्या ओमेप्राझोल कॅप्सूलमधले बारीक दाणे कुटले तर पोटातल्या आम्लात औषध निकामी होतं, न कुटता सोडले तर नळी तुंबते. नळीचं टोक जठरात आहे की त्याच्या पुढे लहान आतड्यात, यावरही काही औषधांचा परिणाम बदलतो. जठरातलं आम्ल शमवणारं अँटासिड थेट आतड्यात सोडून उपयोग नाही. ही माहिती वाचून कोणी आपलं औषध परस्पर बदलू नये. मला एवढंच दाखवायचं आहे की 'कुटून द्या' हे दोन शब्द प्रत्येक औषधाला लागू पडत नाहीत.

तिसरी गोष्ट पाव गोळीची. मुलांच्या मापाची गोळी नसली की मोठ्यांची गोळी चार तुकडे करून दिली जाते. ब्लेडने केलेले चार तुकडे सारखे होत नाहीत, हे कुठल्याही आईला दिसतं. मग पर्याय सुचतो: अख्खी गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं अडीच द्या. औषध पाण्यात खरोखर विरघळत असेल तर हे ठीक आहे. पण अनेक गोळ्या विरघळत नाहीत, नुसत्या फुटतात. पूड तळाशी बसते आणि वरचं पाणी सिरिंजमध्ये येतं. आज कमी, उद्या जास्त. कोणती गोळी विरघळते आणि कोणती फक्त फुटते, हे नजरेने नेहमी कळत नाही. ते औषधशास्त्राचं ज्ञान आहे, आणि ज्याच्याकडे ते आहे त्यानेच ते द्यायला हवं.

यावर पहिला आक्षेप असा की गोळ्या सोडा, सगळं सिरपमध्येच घ्या. जिथे चांगलं सिरप मिळतं तिथे ते घ्यावंच. पण पातळ औषध म्हणजे नुसतं औषध आणि पाणी नसतं. अनेक सिरपांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं. दिवसभरात पाच-सहा सिरपं गेली की त्याची बेरीज जुलाब लावण्याइतकी होऊ शकते, आणि मग दोष दुधाला दिला जातो. फिटसाठी किटोजेनिक आहारावर असलेल्या मुलाला सिरपातली साखर आहार बिघडवायला पुरेशी असते. काही आंबट सिरपांची दुधाशी गाठ पडली की प्रथिनं फाटून नळीत गुठळी होते. आणि बाटलीतलं 'बाकीचं' किती महत्त्वाचं असतं, हे नागपूरने २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात फार दुःखद रीतीने पाहिलं. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन इथल्या रुग्णालयांत आली आणि त्यांतली कित्येक वाचली नाहीत. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मान्य मर्यादा ०.१ टक्के आहे. तो भेसळीचा प्रकार होता, नळीशी त्याचा संबंध नव्हता, आणि प्रत्येक सिरपकडे संशयाने पाहावं असंही मी म्हणत नाही. पण ज्या द्रवातून औषध जातं तो द्रवही शरीरात जातो, ही गोष्ट त्यानंतर कोणाला पुन्हा सांगावी लागू नये. अनुपान गौण नाही.

दुसरा आक्षेप जास्त मायेने घेतला जातो: आया शिकतातच, घरी सोडताना सिस्टर दाखवतात, सवयीने हात बसतो. हे खरं आहे, आणि सिस्टरांचे उपकार मोठे आहेत. त्या नळीची जागा तपासायला, चिकटपट्टी बदलायला, डोकं उंच ठेवायला शिकवतात. पण नळी तीच राहते आणि औषधं बदलत राहतात. प्रत्येक नव्या चिठ्ठीबरोबर आधीचं शिक्षण थोडं अपुरं पडतं. शिवाय सवयीने फक्त दिसणाऱ्या चुका सुधारतात. नळी तुंबली तर ते कळतं. औषध कमी शोषलं गेलं तर कळत नाही. दिसते ती फक्त वाढलेली फिट. मग डॉक्टर मात्रा वाढवतात, कारण त्यांच्यासमोरच्या कागदावर मात्रा पूर्ण दिलेली असते. फेनिटॉइनसारख्या औषधात एका टप्प्यानंतर मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढतं. अशा मुलाच्या घरी उद्या कोणी देण्याची रीत सुधारली, तर वाढवलेली मात्रा पूर्ण पोचेल आणि विषारी ठरू शकेल. म्हणजे न लिहिलेल्या रीतीमुळे डॉक्टरांचाही निर्णय चुकीच्या पायावर उभा राहतो. मायेने ही उणीव भरून निघत नाही, आणि ती भरून काढण्याचं ओझं मायेवर टाकणं अन्यायाचं आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण नागपूरला येतात; बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांनी प्रत्येक औषधाची रीत लिहीत बसायचं का? नाही, आणि तशी गरजही नाही. हे काम फार्मासिस्टचं आहे. भारतातल्या २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य मानलं आहे. रुग्णालयात काम करण्यासाठी घडवलेला फार्म-डी हा अभ्यासक्रम २००८पासून देशात आहे. आणि नागपूर-कामठीच्या परिसरात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं कमी नाहीत. ब्रिटनमध्ये रुग्णालयीन फार्मासिस्टांनी नळीतून औषध देण्याचं औषधवार हँडबुक २००७ सालीच तयार केलं. ज्ञान उपलब्ध आहे, माणसंही आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या डोक्यावर फक्त 'नळी: नाकातून' किंवा 'नळी: पोटावर' आणि नळीचा नंबर लिहावा. पुढचं मराठीत आणि हिंदीत छापलेल्या पट्टीवर फार्मासिस्ट भरू शकतो. त्याला लागतील ती मिनिटं तुंबलेली नळी बदलायला पुन्हा नागपूर गाठणाऱ्या कुटुंबाच्या एका दिवसापेक्षा नक्कीच कमी असतील.

शेवटचा आक्षेप संख्येचा: अशी मुलं किती, त्यांच्यासाठी वेगळी सोय कोण करणार? मुळात पोटावरची नळी दुर्बिणीतून, पोट न उघडता बसवण्याची पद्धत १९७९ साली क्लीव्हलँडमध्ये मायकल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी लहान मुलांच्याच गरजेतून काढली, आणि आज तिचा लाभ जगभरचे मोठे रुग्ण घेतात. इथेही तेच होईल. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने विदर्भाला दिलेल्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर नाकात नळी घेऊन घरी जातात, पक्षाघाताचे रुग्ण जातात. मुलांसाठी लिहिलेली पट्टी त्यांनाही उपयोगी पडेल. औषध बनवणाऱ्यांना हे अशक्य आहे असंही नाही. जुलाबात दिली जाणारी झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात आपोआप फुटून मिसळते आणि आशाताई ती घरोघर पोचवतात; मुलांच्या क्षयरोगाच्या गोळ्याही पाण्यात अशाच मिसळणाऱ्या आहेत. मुलांच्या मापाची औषधं हवीत, ही मोहीम जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सुरू केली, तेव्हा मागणी याच दिशेची होती. जिथे ठरवलं तिथे गोळी मुलाच्या मापाची झाली.

म्हणून माझी मागणी लहान आहे. औषधाच्या नावासमोर आणि मात्रेसमोर आणखी एक ओळ असावी: गोळी कुटायची की पाण्यात फुटू द्यायची की अजिबात फोडायची नाही, किती पाण्यात, दुधापासून किती अंतराने, मागून किती पाणी, आणि कोणत्या औषधाबरोबर एका सिरिंजमध्ये घ्यायचं नाही. ही ओळ लिहिली गेली तर रात्रपाळीची सिस्टर, गावाकडची आजी, शाळेतली मावशी, कोणीही औषध देऊ शकेल आणि मात्रा तीच राहील. आज ती ओळ एकट्या आईच्या डोक्यात असते; ती आजारी पडली की मुलाचा उपचारही अडखळतो. मुलाचं औषध कोणा एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून नसावं, ते कागदावर असावं.