चार सेल आणि जीपची बॅटरी

लाईट गेली की आपण बायका मेणबत्ती शोधतो. माझ्या सासूबाई आधी रेडिओ शोधतात. त्यांचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा त्या लातूरला सासरी होत्या. फोन लागेना. माहेरची माणसं आहेत की नाहीत, हे कळायला त्यांना दोन दिवस लागले. त्या वेळी ‘हॅम’ म्हणवणारे हौशी बिनतारीवाले भूकंपाच्या भागात निरोप पोचवायला आले होते. असे संच मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, म्हणून वीज नसली तरी अडत नाही.

आता आम्ही नांदेडला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेडकडे पूर आला. आमच्याकडेही रात्रभर लाईट नव्हती, मोबाईल बंद पडलेले आणि रेडिओचे सेल नेमके संपलेले. दीर म्हणाले, “वहिनी, जीपची बॅटरी आहे की! दोन वायरी जोडल्या की झालं.”

मी म्हटलं, “थांबा, आधी रेडिओची पाठ वाचू या.” तिथं ६ व्होल्ट लिहिलेलं होतं. एक सेल दीड व्होल्टचा, चार सेल म्हणजे सहा. जीपची बॅटरी बाराची, आणि इंजिन चालू असताना ती चौदाच्याही वर जाते. रेडिओ जळाला असता.

नंतर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून मी सगळं नीट समजून घेतलं. मैत्रिणींनो, तुम्हीही लक्षात ठेवा. बारा व्होल्टचे सहा करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये हवाच. यूएसबीवर चालणारा रेडिओ असेल तर गाडीतला मोबाईल चार्जर पुरतो. तो पाच व्होल्ट देतो. अधिक-उणे उलटं जोडू नका. अधिकच्या वायरीवर, बॅटरीजवळच, एक अँपिअरचा फ्यूज घाला. बॅटरीला हात लावण्याआधी सोन्याच्या बांगड्या काढून ठेवा. दोन्ही टोकांना धातू टेकला तर हात भाजतो. जवळ काडी ओढू नका, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. रेडिओ वीज फार थोडी खातो, त्यामुळे चांगल्या बॅटरीवर तो कित्येक दिवस चालेल.

सासूबाई म्हणतात, “बातमी वाईट असली तरी सोसते गं, पण काहीच न कळणं सोसत नाही.” तेव्हा पापड-कुरडयांचे डबे भरून झाले, की मृग लागायच्या आत एवढी एक तयारीही करून ठेवा.