कुलाब्याची भरती

भोर-वेल्ह्याकडील आम्हां डोंगरकऱ्यांस पाण्याचा चढउतार ठाऊक असतो तो भाटघर धरणाचा. १९२७ सालीं पुरें झालेलें हें धरण वर्षांतून एकदां भरतें. समुद्र दिवसांतून दोनदां भरतो, याचा प्रत्यय आम्हांस अलिबागेस आला.

तेथील कुलाबा किल्ल्यांत ओहोटीस पायीं जातां येतें. भरतींत तोच बेट होतो. संकष्टीस सकाळीं नवाच्या ओहोटीस आम्ही सहकुटुंब निघालों. आंग्र्यांच्या गणपतीचें दर्शन झालें, परंतु परततांना शेवाळलेल्या खडकावर नातवाचा पाय मुरगळला. पाय बांधण्यांत दोन घटका गेल्या, तोंच वाट पाण्याखालीं गेली. मुलगा रडूं लागला, मंडळी घाबरली.

एका वृद्ध कोळ्यानें आम्हांस होडींतून किनाऱ्यास आणिलें. भाडें विचारतां तो हंसला. “गुरुजी, तिथीची पाऊणपट करा. आज चतुर्थी, म्हणजे तीनला पुरी भरती. तिच्या सहा तास आधीं ओहोटी.”

पंचांग आमच्या देव्हाऱ्याजवळ नित्य असतें. आम्ही त्यांत चंद्रोदय पाहून उपास सोडतों. कोळी त्याच चंद्राच्या भरंवशावर आपली होडी समुद्रांत लोटतो.